मालिका घसरली, हे तुम्हाला कुठल्या पानावर कळलं?

कुमारांसाठीच्या फँटसी मालिकेचा पहिला भाग रात्र जागून संपवला आणि चौथ्या-पाचव्यापर्यंत येता येता नुसती पानं उलटायला लागलात, असं कुणाकुणाचं झालंय? 'मजा गेली' एवढ्यावर सुटका नाही. लिहिण्यात काय बिघडलं ते सांगा.

माझंच आधी सांगते. पहिल्या भागातली नायिका घाबरली की दाराची कडी दोनदा चाचपायची. पाचव्यात 'तिला प्रचंड भीती वाटली' म्हणून लेखिका मोकळी. त्यातून 'तिने रोखून धरलेला श्वास सोडला' हे इतक्यांदा आलं की मी पेन्सिलीने खुणा करू लागले. सतरा झाल्यावर पेन्सिल ठेवून दिली.

*

मला जाडी वाढली की धास्तीच वाटते. हॅरी पॉटरचा पहिला भाग (1997) ब्रिटिश आवृत्तीत 223 पानांचा, पाचवा (2003) थेट 766. पाचवा मला आवडतो, तरी हॅरीची चिडचिड निम्मी चालली असती. तो भाग आटोपशीर होऊ शकला असता, हे रोलिंगबाईंनी स्वतःही नंतर मान्य केलं. एकदा पुस्तकं हातोहात खपायला लागली की संपादकाची कात्री बोथट होते, असा आपला माझा कयास.

*

मी 'एरागॉन'वाला, म्हणजे ड्रॅगनस्वार पोराच्या त्या मालिकेचा वाचक. तीन भागांत आटपणार होतं, 2007 मध्ये कळलं की चार होणार. तिसरा 2008 साली आला, चौथा 2011 साली. तिसऱ्यात तलवार घडवण्याचं वर्णन वाचता वाचता मला डुलकी लागली. मित्राला नेमकं तेच प्रकरण सगळ्यात आवडलं, त्यामुळे दोष कुणाचा कोण जाणे.

*

माझं उलट झालं. लाडकी मालिका मोठेपणी पहिल्यापासून वाचायला घेतली, तर पहिला भागही तेवढाच कच्चा! तेराव्या वर्षी मला विशेषणांची खोगीरभरती दिसतच नव्हती.

*

प्रश्न विचारणारी मीच. वरचं वाचून जरा टोचलं, पण कडी चाचपण्याचा प्रसंग आजही चांगलाच वाटतो हो. तेवढं मी सोडणार नाही.

*

दोन निवेदक आले तिथे माझी मालिका बुडाली. एक प्रकरण तिचं, एक त्याचं, आणि दोघं बोलतात अगदी एकसारखं. कोण बोलतंय हे बघायला दर वेळी मागे जाऊन प्रकरणाचं नाव वाचायचे.

*

मोठ्याने वाचून बघा, लगेच कळतं. भाच्याला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवत होते. तिसऱ्या भागात मागच्या दोन भागांची उजळणी काही संपेना. पात्रं एकमेकांना माहीत असलेलंच सांगत बसलेली. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "मावशी, हे कालचंच पान आहे ना?"

पान नवीनच होतं.