शब्दांचे खोटे अर्थ रचण्याचा खेळ मराठीत: खरा अर्थ लगेच ओळखू येतो, काय चुकतंय?

पाटीपेन्सिल:
खेळ बहुतेकांना माहीत असेल. एकजण कोशातून अनोळखी शब्द काढतो, बाकीचे त्याचा खोटा पण पटेलसा अर्थ चिठ्ठीवर लिहितात, खऱ्या अर्थासह सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या जातात आणि खरा कोणता ते ओळखायचं. आम्ही सातजण खेळतो. तीन अडचणी आहेत.
१. खरा अर्थ वाचायला सुरुवात झाली की निम्म्यांना कळतो.
२. दोघातिघांचे खोटे अर्थ जवळजवळ सारखेच येतात.
३. गुण कसे द्यायचे यावर एकमत होत नाही. सध्या ओळखणाऱ्याला १ आणि फसवणाऱ्याला दर मतामागे १ देतो.
मराठी शब्दांवरच खेळायचं आहे. शब्द कुठून आणि कसे निवडावेत?

कोशकीटक:
तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणी शब्द काढणाऱ्यापाशी सुरू होतात. हा खेळ खोटं लिहिणाऱ्यांच्या हुशारीवर चालतो असं वाटतं, पण डाव रंगणार की फसणार हे त्याआधीच, शब्द निवडताना आणि खरा अर्थ चिठ्ठीवर उतरवताना ठरतं.

आधी शब्द. तत्सम शब्द शक्यतो टाळा, कारण त्यांची फोड होते. ‘जिगीषा’ कोणी कधी ऐकला नसला तरी जिज्ञासा, पिपासा डोक्यात असतात, त्यामुळे ‘कसली तरी इच्छा’ इथपर्यंत सगळे पोचतात. फारसी वळणाच्या शब्दांचंही तेच. शेवटी -नवीस आला की लिहिणारा, -खाना आला की जागा. अपवाद म्हणून ‘तितिक्षा’ घ्या. घडण इच्छेच्या शब्दांची, अर्थ मात्र सहनशीलता. असा शब्द सापडला तर सोडू नका, कारण सगळे आपणहून चुकीच्या वाटेला लागतात.

सगळ्यात चांगले चालतात ते कामाच्या हत्यारांचे आणि त्यांच्या भागांचे देशी शब्द. तिवडा, चाडे, चुंबळ. आवाजावरून काहीच हाती लागत नाही, उलट दिशाभूल होते. ‘तिवडा’ म्हटलं की तीन आठवतात, ‘चुंबळ’ (डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची गुंडाळी) म्हटलं की चुंबक. ओळखीच्या शब्दाला चिकटलेलं क्रियापदही छान. ‘वैरणे’ ऐकून लोक शत्रुत्वाकडे नाहीतर चाऱ्याकडे जातात, आणि अर्थ आहे जात्यात दाणे घालणे.

शेती जवळून पाहिलेल्या माणसाला हे शब्द रोजचे असतील. म्हणून शब्द जाहीर केल्यावर दहा सेकंद थांबा. ज्याला अर्थ माहीत आहे त्याने काही न बोलता शब्द काढणाऱ्याला खूण करायची आणि शब्द बदलायचा. दर डावासाठी दोन राखीव शब्द तयार ठेवा.

शब्दासोबत जात आणि लिंग सांगायलाच हवं. हे मराठीत फार महत्त्वाचं आहे. ‘चाडे’ हे नाम की विशेषण, ते चाडे की अनेक चाडे, हे न सांगता लिहायला लावलं तर निम्म्या चिठ्ठ्या व्याकरणातच बाद होतात आणि उरलेल्यांतून खरी शोधणं सोपं होतं. कोशात पु., स्त्री., न. दिलेलंच असतं, ते वाचून दाखवा. शब्द मोठ्या अक्षरात लिहूनही दाखवा.

आता खरा अर्थ. तो कोशातून थेट वाचू नका. पुस्तक हातात घेतलं की आवाज बदलतो, वाक्य लांबतं. इतरांकडे असतात तसल्याच कागदावर, त्याच पेनाने, आपल्या शब्दांत उतरवा. कोशात चार अर्थ, व्युत्पत्ती, उदाहरणं असतात. त्यातला एकच अर्थ घ्या. लांबी सगळ्यांसाठी एकच ठरवा, ६ ते १५ शब्द. क्रियापदाने वाक्य संपवायचं नाही, शेवटी नाम. म्हणजे ‘तिवडा म्हणजे खळ्यात खांब असतो त्याला म्हणतात’ असं नको. ‘मळणीच्या वेळी बैल बांधण्यासाठी खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब’ असं हवं. सगळे याच साच्यात लिहू लागले की खरा अर्थ वेगळा ऐकू येत नाही. क्रियापद असेल तर शेवट ‘-णे’ने.

गणिताचा तास:
गुणांबद्दल. सातजणांत एक शब्द काढणारा, सहा लिहिणारे. एकूण सात अर्थ, स्वतःचा सोडून प्रत्येकापुढे सहा पर्याय. सगळे निव्वळ अंदाजाने मत देतात असं धरू.

ओळखणाऱ्याला २ गुण दिले तर सरासरी २ × १/६, म्हणजे ०.३३. फसवणाऱ्याला दर मतामागे १ दिला तर बाकी पाचजणांची मिळून ५/६, म्हणजे ०.८३. एकूण १.१७ च्या आसपास.

शब्द काढणाऱ्याला त्या डावात काहीच मिळत नसेल तर तो सोपा शब्द काढून मोकळा होतो. त्याला ‘खरा अर्थ कोणीच ओळखला नाही तर ३’ द्या. कोणीच न ओळखण्याची शक्यता (५/६) चा सहावा घात, सुमारे ०.३३. म्हणजे सरासरी १. लिहिणाऱ्यांच्या जवळपास येतं आणि कोणी मागे पडत नाही.

तुमच्या सध्याच्या पद्धतीत ओळखण्याची सरासरी जेमतेम ०.१७ आहे. मग लोक मत देताना विचारच करत नाहीत. २-१-३ ठेवा. आणि खेळ सगळ्यांची पाळी समान वेळा आल्यावरच थांबवा, नाहीतर हा सगळा हिशेब बिघडतो.

मधली सुटी:
सारख्या चिठ्ठ्यांचा प्रश्न राहिला. दोन खोटे अर्थ सारखे आले तर दोन्ही वाचू नका. सारखं काही दोनदा ऐकलं की लोक लगेच ‘हे दोघांना सुचलंय, म्हणजे खोटं’ असं ताडतात. एकच वाचायचा, त्याला पडलेल्या मतांचे गुण दोघांनाही पूर्ण द्यायचे. मत देताना मात्र त्या दोघांनीही तो पर्याय सोडायचा, आणि ते शब्द काढणाऱ्याने त्यांना चिठ्ठीने कळवायचं.

खोटा अर्थ खऱ्याच्या फारच जवळ आला तर ती चिठ्ठी वाचायची नाही. लिहिणाऱ्याला ३ गुण, आणि त्या डावात त्याचं मत नाही.

मुळात सारखेपणा येतो तो पहिल्या सुचलेल्या गोष्टीमुळे. ‘तिवडा’वर सहापैकी तिघे तीन पायांचं काहीतरी लिहितीलच. पहिली कल्पना सोडा, दुसरीही सोडा. शब्दाच्या आवाजाशी काही संबंध नसलेला अर्थ जास्त मतं खातो, कारण खरे अर्थ बहुधा तसेच असतात. त्यात एक बिनकामाचा तपशील घाला. ‘एक प्रकारचे भांडे’ कोणी मानत नाही. ‘तळाला भोके असलेले लाकडी भांडे’ मानतात. विनोदी अर्थाला हशा मिळतो, मत मिळत नाही.

कोशकीटक:
@मधली सुटी, जवळच्या अर्थाला ३ गुण मान्य, पण ‘जवळ’ म्हणजे किती हे आधी ठरवा. माझ्या मते वस्तू आणि तिचं काम दोन्ही जुळली तरच. ‘चाडे’चा खरा अर्थ: पेरताना बी टाकण्यासाठी पाभरीवर बसवलेलं, तळाला भोकं असलेलं भांडं. ‘धान्य साठवायचं भांडं’ हा खोटाच धरावा आणि वाचावा. वाद झाला तर निर्णय शब्द काढणाऱ्याचा.

आणखी एक. चिठ्ठ्या मोठ्याने वाचण्याआधी प्रत्येक चिठ्ठी मनात एकदा वाचा. अक्षर न लागून वाचणारा, म्हणजे शब्द काढणारा, अडखळला की ती चिठ्ठी त्याची स्वतःची, म्हणजे खऱ्या अर्थाची, नाही हे उघड होतं. मग क्रमांक देऊन दोनदा वाचा, सारख्याच वेगाने. मतं एकाच वेळी, बोटांनी. एकापाठोपाठ एक विचारलीत तर दुसरा पहिल्याच्या मागे जातो.

पाटीपेन्सिल:
२-१-३ आणि लिंग सांगणं लगेच सुरू करतो. दोन शंका. कोश कोणता वापरायचा? आणि कधी बाराजण असतात, तेव्हा काय?

कोशकीटक:
दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सगळ्यात सोयीचा, सात खंड आहेत, १९३२ ते १९३८ मधले. अर्थ मराठीतच असल्याने थोडं छाटलं की काम होतं. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्द भरपूर, पण अर्थ इंग्रजीत. भाषांतराचा वास येणार नाही असं मराठी लिहिता आलं तरच घ्या. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, म्हणून खेळताना फोन बाजूला. दूर बसून खेळत असाल तर चित्रफोनवर आणि दोन मिनिटांच्या मुदतीत खेळा. गटात संदेश टाकून दिवसभर चालणारा डाव टिकत नाही, कोणीतरी शोधून पाहतोच.

मधली सुटी:
बाराजणांना चिठ्ठ्यांचा खेळ नको. बारा अर्थ ऐकून लक्षात राहत नाहीत, आठच्या पुढे लोक शेवटच्या तिघांतूनच निवडतात. जोड्या करा, दोघांची एक चिठ्ठी.

नाहीतर बीबीसीवर १९६५ साली सुरू झालेल्या ‘कॉल माय ब्लफ’ची पद्धत घ्या. तीन-तीनजणांचे संघ. एका संघाला शब्द मिळतो, तिघे एकेक अर्थ तोंडी सांगतात, त्यातला एकच खरा. समोरच्या संघाने ओळखायचा. बाराजणांचे चार संघ होतात, दोन सामने शेजारी-शेजारी चालतात. इथे लिहिण्यापेक्षा सांगण्याला महत्त्व, म्हणून खरा अर्थ कोण सांगणार ते दर शब्दाला चिठ्ठी टाकून ठरवा. संघावर सोडलं तर तो बहुतेक वेळा एकाच माणसाकडे जातो आणि तिसऱ्या शब्दापर्यंत समोरच्यांच्या ते ध्यानात येतं.