केनेथ क्लार्क: कणा की सोय?

रिकामटेकडा:
वकिली करून राजकारणात आलेले खंडीभर सापडतील, पण ब्रिटनचे केनेथ क्लार्क त्यांत वेगळे. १९६३ला बॅरिस्टर, १९७०ला नॉटिंगहॅमजवळच्या रशक्लिफमधून खासदार, ते थेट २०१९पर्यंत. आरोग्य, शिक्षण, गृह, अर्थ, न्याय, सगळी खाती फिरून झाली. पायात हश पपीजचे साधे बूट, बजेटच्या भाषणाला शेजारी व्हिस्कीचा ग्लास! पक्ष युरोपीय संघाच्या विरोधात उलटा फिरला, संघाच्या बाजूचे हे मात्र फिरले नाहीत. फेब्रुवारी २०१७मध्ये ब्रेक्झिटची, म्हणजे संघ सोडण्याची, नोटीस देण्याच्या विधेयकाविरुद्ध दुसऱ्या वाचनात (तत्त्वावरच्या मुख्य मतदानात) मत देणारे हुजूर पक्षाचे हे एकटेच. याला कणा म्हणतात.

काळा कोट:
कणा कसला? सार्वमतात रशक्लिफचा कौल युरोपात राहण्याचाच होता. मतदार पाठीशी असले की बंड स्वस्तात पडतं. माझा राग मात्र वेगळाच आहे. न्यायमंत्री असताना यांनीच २०१२चा कायदा आणला आणि घटस्फोट, मुलांचा ताबा अशा बहुतेक खटल्यांतली सरकारी खर्चाची वकिली बंद केली. घरात मार खाल्लेल्या बाईला सवलत होती, पण आधी पुरावा दाखवा, कागद आणा. वकिलाशिवाय कागद कसे जमतात हे बॅरिस्टरला कोणी सांगायचं?

रिकामटेकडा:
तो डाग आहेच, कोटसाहेब. पण 'स्वस्तात' नका म्हणू. २००१च्या नेतेपदाच्या निवडणुकीत खासदारांच्या शेवटच्या फेरीत ५९ मतं घेऊन हेच पहिले होते. पुढे पक्षसदस्यांनी इयान डंकन स्मिथना निवडलं. १९९७ आणि २००५लाही हरलेच. युरोपवर जरा गुळमुळीत बोलले असते तर एखादी तरी खेप जमली असती, असं मला वाटतं.

चहाबाज:
मला १ एप्रिल २०१९ आठवतो. युरोपशी कस्टम्स युनियन (सामायिक जकात व्यवस्था) ठेवावी हा त्यांचा ठराव २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी पडला. बंधनकारक नव्हता, तरी चुटपूट लागते. सप्टेंबरात सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी पक्षाच्या २१ खासदारांना संसदीय पक्षाबाहेर काढलं, त्यांत हेही.

काळा कोट:
आणि २०२०मध्ये त्याच जॉन्सनच्या यादीतून लॉर्ड! बसले कुठे? हुजूर बाकांवरच. हाकललेल्या माणसाने ताट वाढल्याबरोबर पाटावर बसायचं?

रिकामटेकडा:
क्लार्क पहिल्यांदा जिंकले ती निवडणूक १८ जून १९७०ची. दुसऱ्या दिवशी जॉन्सन सहा वर्षांचे झाले. आता घर कोणाचं आणि हाकललं कोणी, ते तुम्हीच बघा.