मदत हवी आहे: बँकेचे व्यवहार स्वतःचे स्वतः करायला शिकायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, वय ६१. मागच्या वर्षी यजमान गेले. ३५ वर्षं पासबुक, वीजबिल, एफडी सगळं तेच बघायचे. मी फक्त सही करायची. आता पेन्शन माझ्या नावावर येते, पण एटीएमसमोर उभी राहिले की हात थरथरतात. प्रत्येक वेळी पुतण्याला सोबत न्यावं लागतं. तो गुणी आहे, तरी माझा पिन दुसऱ्याला माहीत आहे हे मनाला टोचत राहतं.

परवा एकाने फोन करून ‘पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असं सांगितलं. मी फोन कापला, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. नंतर कळलं की अशी अटक कायद्यात नाहीच, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइन नंबरवर कळवायचं. पैसे घेताना यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही आत्ता कुठे समजलं. एवढ्यानेच भीती निम्मी ओसरली, म्हणून बाकीचंही शिकायचंय.

यूपीआयसाठी थोडीच रक्कम ठेवून वेगळं खातं उघडावं का? एफडीवर नॉमिनी बदलताना काय बघायचं? नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो म्हणतात, कुणी स्वतः दिलाय का? माझ्या वयाच्या बायकांनी सुरुवात कशी केली ते जरूर लिहा. ‘मुलांना सांगा, ते करतील’ असं मात्र कृपया सुचवू नका.