शब्दचर्चा : 'डोळ्याची नस' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मधुमेहाच्या माहितीपत्रकात 'साखरेमुळे डोळ्याच्या नसा खराब होतात' असं वाक्य आहे. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी की मज्जातंतू? 'नस' तशीच ठेवावी का?

उत्तर : ठेवू नये. सुई टोचताना 'नस सापडत नाही' म्हणतात ती शीर, कमरेत 'नस दबली' म्हणतात तो मज्जातंतू. 'डोळ्याची नस सुकली' हे बहुधा काचबिंदूबद्दल असतं. तिथे नस म्हणजे मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता, डोळ्याचा मज्जातंतू. मधुमेहात तपासणीत आधी दिसतो तो दृष्टिपटलातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) केशवाहिन्यांचा, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड. त्यांच्या भिंतीला बाहेरून बिलगून आधार देणाऱ्या पेशी साखर सतत चढी राहिली की मरत जातात. आधार सुटला तिथे भिंतीला फुगा येतो, तोच तपासणीत दिसणारा लाल ठिपका. मग भिंत पाझरते. पाणी साचतं, स्निग्धांश पिवळट कणांच्या रूपात मागे उरतो. पाणी पीतबिंदूत, म्हणजे पडद्याच्या मधल्या, सर्वात स्पष्ट दिसणाऱ्या भागात साचलं, तर खिडकीचे सरळ गज वाकडे दिसतात.

पुरवणी : पण निव्वळ 'रक्तवाहिन्या' लिहिलं तर अर्धंच सांगून होईल. दृष्टिपटल हे चेतापेशींचंच पटल आहे, आणि त्या पेशींची झीज लाल ठिपके दिसण्याआधीही सुरू झालेली असू शकते. तपासणीत पडद्यावर दिसणाऱ्या पांढुरक्या डागांना म्हणतात तो 'कापसाचे ठिपके' हा शब्दच बघा. वाटतो पाझरलेला द्रव, असते ती चेतातंतूंची सूज : केशवाहिनी बुजली की तंतूंमधली वाहतूक तिथेच तुंबते. म्हणून 'केशवाहिन्या आणि चेतापेशी, दोन्हींना इजा होते' असं लिहावं. सामान्य वाचकासाठी 'बारीक रक्तवाहिन्या' आणि 'मज्जातंतू' चालतील.

'पडदा'बद्दल : दृष्टिपटलाला 'पडदा' म्हणणं रुळलेलं आहे, ते ठेवा, फक्त 'डोळ्याच्या आतला, मागचा पडदा' असं एकदा स्पष्ट करा. 'डोळ्यावर पडदा आला' म्हटलं की अनेकांना मोतीबिंदूच आठवतो, आणि तो तर पुढच्या भिंगाचा विकार. 'पडदा तपासणे' म्हणजे थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघणं. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवू नये. टाइप २ मध्ये ही तपासणी निदान होताच आणि पुढे साधारण दरवर्षी, टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांच्या आत सुरू करायची. 'त्रास झाला तर दाखवा' हे वाक्य कृपा करून काढून टाका. यात डोळा दुखत नाही, आणि बिघाड बराच पुढे जाईपर्यंत नजरही चांगली राहू शकते.

'डोळ्यात रक्त उतरणे' : हाही फसवा प्रयोग. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर दिसायला भयंकर, पण नजर शाबूत असते. मधुमेहातला रक्तस्राव आतल्या पारदर्शक गरात होतो. बाहेरून डोळा स्वच्छ, आणि रुग्णाला मात्र अचानक काळे धागे, जाळी किंवा नुसता अंधार दिसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं.

आणखी एक : 'लेझरने नसा जाळतात' हे सरसकट लिहू नका. वाहिन्या बुजल्या की उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. अशा वेळी लेझरचे डाग त्या वाहिन्यांवर नव्हे, पडद्याच्या कडेच्या भागावर देतात. तिथली प्राणवायूची मागणी घटते, व्हीईजीएफ कमी होतं आणि नव्या वाहिन्या आपोआप आकसतात. 'पडद्याच्या कडेला लेझरचे डाग देतात' हे शब्द अचूक. त्याने बाजूचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, तेही तिथेच लिहा.