सगळेच मार्ग चांगले दिसत असताना देवाची इच्छा कशी ओळखावी?

नगरची परिचारिका

सर्वांना सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले आणि सध्या पुण्यातील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. माझ्यासमोर एकाच वेळी चार वाटा उघडल्या आहेत. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून भरतीची तयारी करावी, जर्मन भाषेची बी-टू पातळी पूर्ण करून तिकडे जावे, एम.एस्सी. करून शिकवण्याकडे वळावे, की नाशिकचे जे स्थळ सांगून आले आहे त्याला होकार देऊन तिथेच नोकरी शोधावी? आई गावी एकटी असते, त्यामुळे प्रत्येक वाटेचा हिशेब तिच्यापाशी येऊन अडतो.

यांतील एकही गोष्ट पापाची नाही. तसे असते तर निर्णय सोपा होता. प्रार्थना गटात सांगतात की ज्या निर्णयाबद्दल मनाला शांती वाटेल तो देवाचा समजावा; पण मला सकाळी जर्मनीबद्दल शांती वाटते आणि रात्रपाळी संपवून आईशी फोनवर बोलले की गावाबद्दल. मावशींनी चिठ्ठ्या टाकून पाहण्याचा सल्ला दिला आणि येशूच्या शिष्यांनीही चिठ्ठ्या टाकल्याच होत्या, असे वर सांगितले. देवाने माझ्यासाठी एकच वाट ठरवली असेल आणि मी दुसरीच धरली, तर उरलेले सगळे आयुष्य त्याच्या योजनेबाहेर जाईल, ही भीती मला झोपू देत नाही. विश्वास असूनही शांती का नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

निवृत्त पाळक

ख्रिस्ताठायी प्रिय बहीण, प्रथम मावशींच्या चिठ्ठ्यांविषयी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरे, परंतु ती पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीची गोष्ट आहे, आणि त्यानंतर शिष्यांनी असा मार्ग पुन्हा वापरल्याचा उल्लेख नव्या करारात नाही. गिदोनाने रात्री लोकर बाहेर ठेवून तिच्यावरच्या दवाने देवाकडे खूण मागितली, तो दाखलाही लोक हमखास देतात. जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पाहिले तर देवाने त्याला आज्ञा आधीच दिली होती, तेव्हा ती लोकर निर्णय शोधण्यासाठी नव्हती, घाबरलेल्या माणसाला धीर यावा म्हणून होती.

आता शांतीविषयी. आपण सगळे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे व सातवे वचन पाठ म्हणतो, पण प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिले आणि ज्या मंडळीला लिहिले ती कशी जन्माला आली, हे बाजूला राहते. कृत्यांचा सोळावा अध्याय काढा. आसिया प्रांतात वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाण्याचा प्रयत्न केला तर तेही होऊ दिले नाही, आणि अशी दोन दारे बंद झाल्यावर त्रोवस येथे रात्री मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टान्त झाला. त्यानंतरही पौल एकटा उठून निघाला नाही. लेखक ‘आम्ही’ असे लिहितो, म्हणजे सोबत्यांनी मिळून अनुमान काढले आणि मग ते निघाले. फिलिप्पै येथे लुदियाचे घर मिळाले, पण त्याच गावात पौल व सीला यांना फटके खावे लागले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. निर्णय बरोबर होता, तरी परिणाम सुखाचा नव्हता. गाणी त्यांनी मध्यरात्री, तुरुंगात गाइली.

म्हणून ‘ज्याबद्दल शांती वाटेल तो निर्णय देवाचा’ हे मंडळीत रूढ झालेले वाक्य मला अपुरे वाटते. त्या पत्रात शांतीचे वचन दिले आहे ते आपल्या मागण्या आभारप्रदर्शनासह देवाला कळवणाऱ्यांना. चार पर्यायांपैकी योग्य पर्याय हाती लागणाऱ्यालाच ती मिळेल, असे तिथे म्हटलेले नाही. तुम्ही शांतीकडून पर्याय दाखवण्याचे काम करून घेऊ पाहत आहात, आणि ते होत नाही म्हणून स्वतःच्या विश्वासावर शंका घेत आहात. योजनेबाहेर पडण्याच्या भीतीबाबत इतकेच म्हणतो की याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ज्ञान उणे असलेल्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो, असे आश्वासन आहे. दोष न लावता देणारा देव मुलीला कोड्यात टाकून ती चुकण्याची वाट पाहत बसेल, हे मला पटत नाही.

वसईची शिक्षिका

पाळकसाहेबांचे म्हणणे मान्य करूनही मला वाटते की मनातील हालचालींना अगदीच बाजूला सारू नये, कारण आमच्या कॅथलिक परंपरेत त्यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची एक पद्धत आहे. येशू संघाचे (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मुळात सैनिकी बाण्याचे सरदारपुत्र. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला आणि ते लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळून राहिले. शौर्यकथा वाचायला हव्या होत्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवत: एखाद्या थोर स्त्रीच्या सेवेत पराक्रम गाजवण्याची, आणि संतांप्रमाणे जगण्याची. रंगवत असताना दोन्ही गोडच लागत. फरक नंतर जाणवे: पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे व असमाधानी राही, तर दुसऱ्यानंतरचा आनंद टिकून राही.

ताई, सकाळी जर्मनी आणि रात्री गाव, हे तुमचे वर्णन वाचताना मला हाच फरक आठवला. त्या क्षणी काय वाटते यापेक्षा काही तासांनी मागे काय उरते, ते थोडे दिवस वहीत लिहून पाहा. रात्रपाळीनंतरचे थकलेले मन मात्र साक्षीला धरू नका. इग्नेशियस यांचा एक नियम फार उपयोगाचा आहे: मन उदास व कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

त्यांच्या साधनेच्या पुस्तिकेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि निवड कशी करावी यावर तिच्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. निवडीच्या वस्तू मुळात चांगल्या किंवा निदान निर्दोष असाव्यात ही पहिली अट, आणि ती तुमच्या बाबतीत पूर्ण होते. त्यानंतर मन तराजूच्या काट्यासारखे मध्यावर आणून ठेवावे, म्हणजे देवाच्या अधिक सेवेचे काय हे दिसेपर्यंत कोणत्याही बाजूला आधीच झुकू नये. सर्वांत अवघड भाग हाच आहे. पगार, लोक काय म्हणतील, परदेशाचे आकर्षण आणि आईला दुखावण्याची भीती, ही सगळी वजने एकेक करून ओळखावी लागतात. मग प्रत्येक पर्यायाचे लाभ आणि तोटे लिहून काढावेत. आपल्याच परिस्थितीतील एखादी अनोळखी व्यक्ती सल्ला विचारायला आली तर तिला काय सांगू, हे पाहावे. मृत्यूच्या वेळी मागे वळून पाहताना कोणती निवड केलेली आवडेल, याचा विचार करावा. निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवून त्याने तो स्वीकारावा व दृढ करावा अशी विनंती करायची. यात बुद्धीला रजा दिलेली नाही, हे मला विशेष आवडते.

इंग्लंडमधील परिचारिका

मी याच व्यवसायातील आहे आणि काही वर्षांपूर्वी याच वळणावरून गेले आहे, म्हणून थोडे रोखठोक लिहिते. वरील दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली. आपल्या घरांत मुलीला जी ‘शांती’ वाटते, ती पुष्कळदा कुणालाही नाराज न केल्याची सुटका असते. आईने होकार दिला, मावशी गप्प बसल्या, पाळकांनी आशीर्वाद दिला, की मन शांत होते. त्या शांततेचा देवाशी संबंध असेलच असे नाही. नाशिकच्या स्थळाबाबत हे विशेष तपासा. लग्न हा नोकरीच्या यादीतील चौथा पर्याय नाही, त्याचा विचार त्या माणसाला भेटून वेगळा व्हायला हवा.

दुसरे म्हणजे, माहिती अपुरी असली की भीतीला प्रार्थनेचे रूप येते. बी-टू पर्यंत पोहोचायला किती काळ व पैसा लागेल, तुमच्या पदवीला तिकडे मान्यता मिळेपर्यंत कोणत्या पदावर व किती वेतनावर काम करावे लागेल, एजन्सीच्या करारात किती वर्षांचे बंधन आहे आणि ते मोडल्यास किती रक्कम भरावी लागते, ही उत्तरे कागदावर घ्या. सरकारी भरतीची वयोमर्यादा पाहा. आईला विचारा की तिला खरोखर काय हवे आहे. माझ्या आईला मी जवळ असण्यापेक्षा शेजारच्या घरातील कुणीतरी रात्री सोबतीला येणे अधिक महत्त्वाचे वाटत होते, आणि मला ते विचारल्याशिवाय कळले नव्हते. एवढे केल्यावर चारपैकी एखादा पर्याय आपोआप गळेल.

आणि मध्यरात्री मोबाइलवर इतरांच्या परदेशातील चित्रफिती पाहणे बंद करा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उद्याची चिंता करू नका असे प्रभू सांगतो. आपण तर दुसऱ्यांच्या उद्याचीही चिंता करत बसतो.

जुने कागद

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील एक उदाहरण इथे लागू पडते. हिंदू ब्राह्मण घरात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांना 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना ते त्यात गुंतून गेले. वरच्या ताईंनी सांगितलेले चिंतेचे वचन त्याच प्रवचनातील आहे. तरीही बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी 1895 मध्ये. मधला काळ अभ्यासाचा, पत्रव्यवहाराचा आणि घालमेलीचा होता. त्यांच्या निर्णयाने घरात शांती आली असे तर मुळीच म्हणता येणार नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्याचा केवढा आघात झाला हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, आणि तो पतीच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःचा विचार पक्का झाल्यावर. पुढे 1917 मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. योजना एकदाच ठरते आणि पहिल्या वळणावर चुकले की संपते, अशी समजूत असती तर त्यांना त्या वयात नवी वाट धरण्याचा धीर झाला नसता. मात्र त्यांच्या निर्णयांची किंमत इतरांनीही मोजली, हे सोडून नुसते गौरवाचे लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही, म्हणून आईशी बोलण्याचा सल्ला मीही दुजोरा देऊन पुढे करतो.

नगरची परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. स्थळाचा विचार वेगळा करायचे ठरवले आहे, आणि सरकारी भरती व जर्मनी यांची माहिती लिहून काढायला बसले आहे. पाळकसाहेब, सोळावा अध्याय मी अनेकदा वाचला होता, पण पत्र आणि ते गाव असे जोडून कधी वाचले नव्हते. वसईच्या ताईंना एक विचारायचे होते: तुम्ही सांगितलेली साधना मार्गदर्शकाबरोबर करायची असेल, तर आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळीतील व्यक्तीला चालते का?

वसईची शिक्षिका

सहसा चालते. पुण्यात येशू संघाच्या संस्था आहेत, तिथे फोन करून ध्यानसाधना शिबिरांची चौकशी करा आणि आपण कॅथलिक नाही हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी ख्रिस्तप्रसाद घ्यावा की नाही असा संकोच होणार नाही. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असते, परंतु नोकरी करणाऱ्यांसाठी तीन किंवा आठ दिवसांची लहान शिबिरे होतात आणि रोज थोडा वेळ देऊन घरी राहून करण्याचीही पद्धत आहे. शिबिरात मौन पाळतात व मोबाइल बाजूला ठेवायला सांगतात, तेव्हा आईला आधी कळवून ठेवा आणि रात्रपाळीला लागून सुट्टी घेऊ नका. पहिला दिवस नुसता झोपेत जातो.