शब्दचर्चा : इंटिग्रिनचे ‘उत्तेजक’ की ‘सक्रियक’?

प्रश्न : इंटिग्रिन या पेशी-आसंजन (पेशीला चिकटवून धरणाऱ्या) प्रथिनाला कार्यप्रवण करणाऱ्या रेणूंना मराठीत काय म्हणावे? एका अनुवादात मी ‘उत्तेजक’ लिहिले होते. संपादकांनी त्याचे ‘उत्प्रेरक’ केले.

प्रतिसाद : ‘उत्प्रेरक’ तर नकोच. स्वतः खर्च न होता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थासाठी तो शब्द रूढ आहे, आणि इथे प्रश्न वेगाचा नसून प्रथिनाच्या ठेवणीचा आहे. निष्क्रिय इंटिग्रिन कमरेत वाकल्यासारखे पेशीपटलाकडे झुकलेले असते. पेशीच्या आतून टॅलिन हे प्रथिन त्याच्या दोन साखळ्यांपैकी बीटा साखळीच्या शेपटीला जोडले गेले आणि किंडलिन या दुसऱ्या प्रथिनाची साथ मिळाली, की ते ताठ होते व बाहेरच्या फायब्रिनोजेन किंवा फायब्रोनेक्टिन या प्रथिनांना घट्ट धरू शकते. मँगनीजचे आयन बाहेरून असाच परिणाम घडवतात. प्रयोगशाळेत ही युक्ती नेहमी वापरली जाते. या सर्वांना ‘सक्रियक’ शोभतो.

‘उत्तेजक’बद्दलचा आक्षेप वेगळा आहे. खेळाडूंच्या चाचण्यांच्या बातम्यांनी त्या शब्दाला जो वास लावला आहे तो बाजूला ठेवला, तरी अर्थाची दिशाभूल उरतेच. ल्यूकअ‍ॅधेरिन-१ या लहान रेणूचे उदाहरण घ्यावे. पांढऱ्या पेशींवरील सीडी११बी/सीडी१८ या इंटिग्रिनला तो सक्रिय करतो. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की त्यामुळे पेशींची चिकटण्याची क्रिया वाढते, त्यांचे पुढे सरकणे मंदावते, आणि प्राण्यांमधील दाह भडकण्याऐवजी कमी होतो. दाह शमवणाऱ्या रेणूला ‘उत्तेजक’ म्हटल्यावर वाचकाने काय समजावे?

प्रतिप्रश्न : मग रक्त गोठताना प्लेटलेटना जागे करणारे एडीपी (एक लहान रेणू) आणि थ्रॉम्बिन (एक विकर) हेही इंटिग्रिनचे सक्रियकच ना?

प्रतिसाद : प्लेटलेटचे सक्रियक म्हणावे, इंटिग्रिनचे म्हणायचे तर ‘अप्रत्यक्ष’ हे विशेषण जोडून. ते प्लेटलेटवरील स्वतंत्र ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) भिडतात. तिथून निघालेला संदेश आतल्या आत फिरून शेवटी टॅलिनपर्यंत पोहोचतो. हा भेद केवळ कोशातला नाही. किंडलिन-३ सदोष असलेल्या रुग्णांत इंटिग्रिन पेशीवर हजर असते, तरीही ते ताठ होत नसल्याने रक्तस्राव आणि वारंवार जंतुसंसर्ग होतात. तिथे ‘सक्रियणदोष’ लिहावे. ‘इंटिग्रिनचा अभाव’ ही शब्दयोजना ग्लान्झमानच्या विकारातील (रक्तस्रावाच्या एका जन्मजात आजारातील) ज्या रुग्णांत प्लेटलेटवर ते प्रथिनच आढळत नाही, त्यांच्यासाठी राखावी.