मदत हवी: नवीन पत्र्याची कोठी घेऊनही सोंडे!! अर्जंट

बांधकरी: मंडळी, मार्चमध्ये पाच क्विंटलची पत्र्याची कोठी घेतली, उंदरांचा त्रास संपला हे खरं पण काल झाकण काढलं तर वर सोंडेच सोंडे (धान्यातले किडे हो), झाकणाला आतून पाणी सुटलेलं, वरच्या थराच्या गाठी झाल्यात नि कुबट वास मारतोय. विकणारा म्हणाला होता दोन वर्षं बघायचं काम नाही. आता यात काय टाकू ते पटकन सांगा.

सुगी२१: धान्य कुठलं ते तरी सांगाल? किती वाळवलं होतं? कोठी कुठं ठेवलीय?

बांधकरी: ज्वारी हो, दुसरं काय असणार, मंगळवेढ्याकडचा आहे मी. वाळलेलीच होती, दाताखाली कट्ट वाजत होती. कोठी पडवीत, वर पत्रा. औषध सांगा ना.

परदेशी_पाव्हणा: मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये ८०च्या दशकापासून छोटे शेतकरी मका अशाच कोठ्यांत ठेवतात. धान्यावर मेणबत्ती पेटवून ठेवायची, झाकण लावून फट बुजवायची, आतला ऑक्सिजन संपला की किडे खलास. फुकटचं औषध.

जुना_आडत्या: ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते, सोंड्याला त्यानं काही होत नाही. मरायला ऑक्सिजन ५ टक्क्यांच्याही खाली जावा लागतो, आणि ते काम किडेच श्वास घेऊन घेऊन करतात, फक्त कोठी हवाबंद आणि काठोकाठ भरलेली पाहिजे.

परदेशी_पाव्हणा: मग तिकडचे लोक काय येडे म्हणून मेणबत्त्या जाळतात?

कोरडवाहू: वाद कशाला, दुकानात गोळ्या मिळतात त्या दोन टाका, आठ दिवसांत साफ.

सुगी२१: कृपा करून नको!! ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते, त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि पडवीत माणसं झोपत असणार. घरात वापरायची वस्तूच नाही ती.

पुणे_टू_पंढरपूर: एवढ्या उठाठेवीपेक्षा बाजार समितीत तारण ठेवा, किमतीच्या काही हिश्श्याएवढं कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. भाव आला की विका.

बांधकरी: अहो खायची ज्वारी आहे!!

सोलापूरकरीण: आमच्या आजोळी पेव होतं, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी दोरीनं कंदील सोडायचे, विझला तर थांबायचं. त्या ज्वारीच्या भाकरीला एक वास यायचा, पाहुणे नाक मुरडायचे आणि आम्हाला त्याचीच चटक.

सुगी२१: विषयावर या. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि कोठीच्या मधल्या भागातली ज्वारी घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. १२च्या आत पाहिजे. आणि कोठी किती वेळा उघडता?

बांधकरी: चिकटलं थोडं. उघडत नाही हो, काल पहिल्यांदाच. आई दोन-चार दिवसांनी खालच्या तोंडातून काढते तेवढंच. त्याचं टोपण हरवलंय, फडक्याचा बोळा लावलाय, त्यानं काय होतंय?

जुना_आडत्या: हे आत्ता सांगताय?? पावसाळ्याची सर्द हवा त्या बोळ्यातूनच आत येतेय. आणि वरचा पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो, धान्यातली वाफ झाकणाला लागून ठिबकते, म्हणून गाठी वरच. उघडीप बघून सगळी कोठी रिकामी करा, ज्वारी चाळून दोन-तीन कडक उन्हं द्या, रात्रभर गार होऊ द्या, गरम अजिबात भरू नका. कोठीही आतून पुसून वाळवा. महिन्याची ज्वारी वेगळ्या डब्यात काढा, म्हणजे सारखं उघडायला नको, बाकीची भरून खाली नवीन टोपण, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर लांब.

परदेशी_पाव्हणा: आणि वर मेणबत्ती.

जुना_आडत्या: लावा बाबा, हौस असेल तर.

बांधकरी: सकाळपासून भुरभुर चालूय इथं. टोपण उद्या बघतो. त्या गाठीची ज्वारी कोंबड्यांना चालेल का?

सुगी२१: नाही. बुरशी आहे ती, कोंबड्यांनाही नको. उकिरड्यात पुरून टाका.